चौदा अंशांचा गुडघा

कारखान्यात त्यांना सगळे हातवाले म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते तिथून कधी बाहेर पडलं नाही.

कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली सव्वीस माणसं, सहा शिलाई मशिनं, पिशव्या भरायचं एक मशीन, दोन डीप फ्रीझर आणि मालकांची काचेची केबिन. पाठीचे पट्टे, गुडघ्याचे पट्टे, गरम पाण्याच्या पिशव्या आणि गार शेकाचे निळे पॅक असा सगळा माल. घोटा मुरगळला, खांदा आपटला, गुडघा सुजला की वर ठेवायचे ते पॅक. हे पॅक फार गार झाले तर दुखण्यात भर पडायची, म्हणून प्रत्येक खेपेतले चार पॅक तपासून बघायची पद्धत होती. आणि तपासायचं यंत्र म्हणजे हातवाल्यांचा डावा हात.

पद्धत बावीस वर्षांपूर्वी मालकांनीच घालून दिली होती. फ्रीझरमधला पॅक काढायचा, एकपदरी सुती कापडात गुंडाळायचा, मनगटापासून कोपरापर्यंत हातावर ठेवायचा आणि भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं मोजायची. मग पॅक उचलून कातडी अंगठ्यानं दाबायची. दाबलेली जागा पांढरी पडून पुन्हा गुलाबी झाली की माल पास. रजिस्टरमध्ये तीनपैकी एक शेरा लिहायचा: ‘गार’, ‘बरं गार’ किंवा ‘फार गार’. पुढच्या रकान्यात कुठल्या अंगावर तपासलं ते. खाली सही. ‘फार गार’ हा शेरा बावीस वर्षांत एकदाच पडला होता, आणि त्या दिवशी हातवाल्यांना ताप होता.

त्यांचा उजवा हात चारचौघांसारखा होता, केसाळ, उन्हानं रापलेला. डावा मात्र सोललेल्या बटाट्यासारखा झाला होता. घरी पिशवी उचलायची, नळ फिरवायचा, दार ढकलायचं ते सगळं उजव्यानं. बायको म्हणायची, “डाव्याला काय झालंय?” हातवाले म्हणायचे, “तो कंपनीचा आहे.” म्हणताना छाती थोडी पुढं यायची. शाळेत कशात पहिला नंबर नाही, खेळात नाही, गाण्यात नाही. पण एवढ्या मोठ्या कारखान्यात माल बाहेर पडायचा तो या एका हाताच्या शब्दावर, हे काही थोडं नव्हतं.

त्या वर्षी मालकांच्या डोक्यात नवीन मसाला शिरला. आधीच्या पॅकमध्ये साधं पाणी आणि ते दाट करणारी पावडर असे. फ्रीझरमधून काढलं की त्याचा दगड व्हायचा. लोक कुरकुरत, की हा गुडघ्यावर ठेवायचा की कुणाच्या डोक्यात घालायचा? मालकांनी उपाय काढला. गाड्यांच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवं पाणी, त्यात मीठ, त्यात रंग. हे मिश्रण कितीही गारठवलं तरी गोठत नसे. फ्रीझरमधून काढलं तरी उशीसारखं मऊ. मालक तो पॅक गालाजवळ नेऊन (लावत नसत, नुसता नेत) म्हणायचे, “बघा, लोण्यासारखा!” हाडांच्या एका हॉस्पिटलनं तो बघून चारशे पॅकची ऑर्डर दिली. नमुना हातवाल्यांच्या हातावर बसला, वीस मिनिटं झाली, शेरा पडला, ‘बरं गार’.

नमुन्यातला एक पॅक त्यांनी मोठ्या मानानं घरी नेला, कारण घरी गुडघा आला होता.

गुडघा सासूबाईंचा. उजवा, नवाकोरा, ऑपरेशन करून बसवलेला. सासूबाईंच्या घराला लिफ्ट नव्हती, म्हणून तीन आठवडे मुक्काम लेकीकडे. या बाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन ऑफिसच्या तक्रार खिडकीवर नोकरी केली होती. एकतीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या आणि निवृत्त झाल्या त्या दिवसापासून सगळ्या परत करायला सुरुवात केली. चहा आला की तो गोड तरी असायचा नाही तर अगोड तरी. पंखा लावला की वारं, बंद केला की घुसमट. जावयाशी त्यांचं भांडण असं कधी नव्हतं. त्या फक्त त्यांना ‘जावईबापू’ म्हणायच्या, आणि ते एवढ्या मानानं म्हणायच्या की हातवाल्यांना ताबडतोब आपली काहीतरी चूक झाल्यासारखं वाटायचं.

रविवारी सकाळी हातवाल्यांनी सासूबाईंच्या गुडघ्यावर टॉवेलची एक घडी टाकली आणि पॅक ठेवला.

“जावईबापू, हे फार गार आहे.”

“गारच असतं आई ते. त्यासाठीच असतं.”

“टोचतंय.”

“सुरुवातीला टोचतं. वीस मिनिटं ठेवायचं असतं.”

“किती झाली?”

“चार.”

“चार? माझा पाय केव्हाच मेला की!”

“आई, कंपनीचा नियम आहे. माझ्या हातावर वीस मिनिटं ठेवून बघितलाय मी.”

“मग तुमच्याच हातावर ठेवा ना! माझ्या गुडघ्यावर तुमचा हात कशाला सिद्ध करताय?”

आठव्या मिनिटाला सासूबाईंनी पॅक उचलून फेकला. तो टीव्हीला लागला. टीव्हीला काही झालं नाही. गुडघ्याशेजारी, टाक्यांपासून चार बोटं लांब, कातडी मेणासारखी पांढरी दिसत होती. संध्याकाळपर्यंत तिथं कोटाच्या बटणाएवढा फोड आला.

“भाजलं मला,” सासूबाईंनी लेकीला सांगितलं. “तुझ्या नवऱ्यानं थंडीनं भाजलं. आजवर कुणी विस्तवानंसुद्धा भाजलं नव्हतं.”

सोमवारी व्यायाम करून घ्यायला फिजिओ बाई आल्या. पंचविशीच्या, हसऱ्या, पण फोड बघितला आणि हसू मावळलं.

“हे भाजलंय.”

“बघा!” सासूबाई म्हणाल्या.

“अहो पण गार वस्तूनं कसं भाजेल?” हातवाले म्हणाले.

“गार वस्तूनंच भाजतं. आत काय आहे याच्या?”

“द्रव आहे.”

“कुठला?”

हातवाले विचारात पडले. “हिरवा,” ते म्हणाले.

फिजिओ बाईंनी पॅक दोन बोटांत उचलून बघितला. “हा मऊ आहे ना, तिथंच फसगत होते. लोकांना वाटतं मऊ आहे म्हणजे सौम्य आहे. पण हा गोठत नाही एवढंच. गार तो फ्रीझरइतकाच, शून्याच्या खाली अठरा. गुडघ्याला दहा ते पंधरा अंश पुरे होतात.” मग बॅग आवरता आवरता म्हणाल्या, “आजी ओरडल्या म्हणून निभावलं. आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशननंतर पहिला दिवसभर कित्येकांचा पाय बधिर असतो. ते ओरडत नाहीत. त्यांच्यावर पॅक ठेवला की ठेवला. काढल्यावरच कळणार.”

चारशे पॅक त्याच हॉस्पिटलात जाणार होते. पुढच्या सोमवारी सकाळी आठला गाडी लागणार, आणि निघायच्या आधी खेपेवर सही होणार ती त्यांची.

ते कारखान्यात जाऊन थेट केबिनमध्ये शिरले. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलले.

“तुमच्या सासूबाईंचं वय काय?”

“एकाहत्तर.”

“नाजूक कातडी असते या वयात. आता मला सांगा, तुमच्या हाताला काही झालं?”

“नाही.”

“फोड?”

“नाही.”

“वीस मिनिटं पूर्ण?”

“पूर्ण.”

“झालं तर मग! बावीस वर्षं तुमच्या हातावर आम्ही धंदा केला. आज तुम्हीच हातावर अविश्वास दाखवता?”

हातवाले बाहेर आले ते भरणीच्या ताईंसमोर. या ताई पॅक भरायच्या मशीनवर दहा वर्षं होत्या, आणि काचेतून ओठ वाचायला शिकल्या होत्या.

“हातवाले, इकडं बघा. माझे हात बघा.” त्यांनी दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत रबरी हातमोजे. “हे हिरवं आम्ही हातमोजे घालून भरतो. पिंपावर कवटीचं चित्र आहे. पोटात गेलं तर किडनी खलास, आणि चवीला म्हणे गोड. एखादा पॅक फुटला, पोरानं चाटला, मग?”

“पण हात तर म्हणाला की—”

“हाताचं आपण आत्ताच बघू.”

जेवणाची सुट्टी होती. ताईंनी हातवाल्यांना बाकावर बसवलं आणि स्वतःचा एप्रन त्यांच्या डोळ्यांवर बांधला. भोवती बाकीचे जमले. ताईंनी जेवणाचे डबे ठेवायच्या साध्या फ्रीजमधला एक पॅक त्यांच्या डाव्या हातावर ठेवला.

“सांगा.”

“बरं गार,” हातवाले म्हणाले.

मग डीप फ्रीझरमधला हिरवा पॅक ठेवला. “आणि हा?”

“हा... बरं गार.”

लोक हसले. ताईंनी तिसरी वस्तू ठेवली. हातवाल्यांनी मान तिरकी केली, चेहऱ्यावर जाणकारी आणली आणि म्हणाले, “हाही बरं गार. पण जरा हलक्या प्रतीचा.”

त्यांनी एप्रन सोडून बघितलं. हातावर ताईंची पाण्याची बाटली होती. सकाळपासून खिडकीत उन्हात ठेवलेली.

सगळे हसत सुटले. मग एकेक जण थांबला, कारण हातवाले हसत नव्हते. ते डाव्या हाताला उजव्या हाताच्या नखानं चिमटा काढत होते. एकदा मनगटाशी, एकदा मधे, एकदा कोपराशी. बावीस वर्षं थंडी खाऊन खाऊन हात केव्हाच बधिर झाला होता. केव्हा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हातालाही नव्हतं.

केबिनमध्ये परत जाऊन त्यांनी सहीला कां-कू केली तेव्हा मालक म्हणाले, “सोमवारी आठला गाडी लागेल. त्याच्या आधी दुसरं काही चांगलं आणलंत तर बघू. नाही तर सही करायची. हॉस्पिटलला मी शब्द दिलाय.”

आठवड्याची रजा टाकून हातवाले घरी बसले. भरायला काय घ्यायचं हा एक प्रश्न, आणि ते बघायचं कुणाच्या कातडीवर हा दुसरा, त्याहून मोठा. उजवा हात त्यांनी लावून बघितला, पण त्याला सवय नव्हती, तो कशालाही दचकत होता. बायकोच्या हातावर पॅक ठेवला तर ती कणीक मळता मळता म्हणाली, “छान आहे.” दुसरा ठेवला, “तोही छान आहे.” शेजारच्या काकांना विचारलं तर ते आधी हातवाल्यांचा चेहरा बघत आणि मग त्यांना काय हवं ते सांगत. माणसं फार चांगली होती. कामाची एकही नव्हती.

शेवटी त्यांची नजर पलंगावर गेली. तिथं एक बाई बसली होती, जिनं कुणाचं मन राखायला म्हणून आजवर एकही गोष्ट छान म्हटली नव्हती.

“आई,” हातवाले म्हणाले, “एक विनंती होती.”

त्यांनी सगळं सांगितलं. हॉस्पिटल, बधिर पाय, चारशे पॅक, स्वतःचा हात. सासूबाईंनी या सगळ्यात मधे एकदाही तोंड घातलं नाही.

“नवा गुडघा मिळणार नाही,” त्या म्हणाल्या. “तो महागाचा आहे. जुना घ्या. तो तसाही जायचाच आहे.”

“चालेल!”

“थांबा, अजून झालं नाही. टॉवेल दोन पदरी. घड्याळ माझ्या हातात. मी काढा म्हटलं की काढायचं, कंपनीचा नियम सांगायचा नाही.”

“नाही सांगणार.”

“आणि मला जे वाटेल ते मी बोलणार.”

“आई, त्यासाठीच तर...”

फिजिओ बाईंनी जुन्या गुडघ्याला परवानगी दिली, पण एका वेळी पंधराच मिनिटं, आणि दर पाच मिनिटांनी टॉवेल उचलून कातडी बघायची. भरणीच्या ताईंनी फोनवर आपली अट घातली, “जे मी उघड्या हातानं भरीन तेच पॅकमध्ये जाईल. बाकी तुमचं तुम्ही बघा.” आणि मदत म्हणून आपल्या माशांच्या काचेच्या टाकीतला थर्मामीटर पाठवून दिला. घरात तापाचा होता, पण तो पस्तीसच्या खाली उतरायलाच तयार नव्हता.

आता सासूबाईंच्या बोलण्याचं मोजमाप लावायचं होतं. दोन दिवसांत हातवाल्यांनी ते बसवलं. टाकीतल्या थर्मामीटरवर वीस अंशांना सासूबाई गप्प असायच्या. चौदा अंशांना म्हणायच्या, “हूं.” आठला, “अहो.” पाचला, “अहो जावईबापू!” त्याच्या खाली लेकीला हाक जायची. हातवाल्यांनी ते वहीत लिहून काढलं आणि थक्क झाले. कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, एका अंशाचा फरक नाही.

पहिलं गेलं ते पाणी. पाण्याइतकं निर्धोक दुसरं काही नाही, पण ते शून्यावर गोठतं, आणि बर्फ वितळेपर्यंत शून्यावरच बसून राहतं. लेकीला हाक. दुसरं, दाट केलेलं पाणी. जरा मऊ, तरी हाक. तिसरी एका जातीच्या मिठाची खडी, पाण्यात कालवलेली, जी नेमकी सौम्य गारव्याला गोठते. “हूं,” सासूबाई म्हणाल्या, आणि हातवाले खुर्चीवरून उठले. पण तेच मिश्रण पाच वेळा गोठवून पाच वेळा वितळवलं तेव्हा मीठ खाली बसलं, पाणी वर आलं आणि सहाव्या खेपेला ते गोठायचंच विसरलं. शिवाय भरताना एक थेंब ताईंच्या मनगटावर पडला तर तासभर खाज. बाद.

मग मेणाच्या भावकीतलं एक तेल. गोठायचं अठराला, दिसायला स्वच्छ. सासूबाईंनी वास घेतला.

“हे पेटतं का?”

“म्हणजे... पेटवलं तर.”

“माझ्या गुडघ्याचा स्टोव्ह करू नका, जावईबापू.”

खोबरेल तेल लावून बघितलं. ते चोविसाला घट्ट होतं. सासूबाई तीन मिनिटं वाट बघत राहिल्या. “हे गार नाहीये,” त्या म्हणाल्या. “हे नुसतं येऊन बसलंय.”

गुरुवार उजाडला. हातवाले डोकं धरून बसले होते. सासूबाई तोंडाला क्रीम लावत होत्या आणि क्रीमबद्दल तक्रार करत होत्या.

“ही डबी फ्रीजमध्ये कुणी ठेवली? सगळं घट्ट झालंय. आता हातावर धरत बसा.” त्यांनी बोटभर क्रीम तळहातावर घेतलं. “बघा, हात लागला की लगेच पाघळलं. मेलं ना धड घट्ट राहत, ना धड पातळ.”

हातवाल्यांनी मान वर केली. “आई, ती डबी द्या.”

“तुम्हाला कशाला क्रीम?”

डबीमागच्या बारीक अक्षरांत सतरा नावं होती. हातवाले भिंग घेऊन बसले, मग डबी घेऊन बाहेर पडले, आणि साबण-क्रीमवाल्यांना कच्चा माल विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदारानं यादी वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं. पामतेलापासून करतात, म्हणाला. क्रीम कातडीवर सहज पसरावं म्हणून घालतात. गारव्यात ठेवलं तर तेरा-चौदा अंशांना गोठतं. हातवाल्यांनी दोन लिटर घेतलं आणि त्याचं माहितीपत्रक मागून घेतलं. संध्याकाळी नवरा-बायकोनं शब्दकोश उघडून ते वाचलं. कातडीवर सांडलं तर: साबणानं धुवावं. डोळ्यांत गेलं तर: पाण्यानं धुवावं. गिळलं तर: विशेष अपाय नाही, तरी गिळू नये.

“सभ्य तेल दिसतंय,” बायको म्हणाली.

हातवाल्यांनी त्याची गंमत सासूबाईंना समजावून सांगितली. कारखान्यात कुणाला आजवर एवढ्या उत्साहानं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. “आई, हे फ्रीजच्या खालच्या कप्प्यातसुद्धा गोठतं. फ्रीझर लागत नाही. आणि अंगावर ठेवलं की चौदावर येतं आणि थांबतं. तुमच्या गुडघ्याची ऊब आत जाते, ती सगळी तेल वितळवण्यात खर्च होते. शेवटचा खडा वितळेपर्यंत चौदा म्हणजे चौदा. तिथून हलतच नाही.”

“म्हणजे माझ्यासारखं,” सासूबाई म्हणाल्या.

पहिला पॅक शुक्रवारी झाला, आणि शनिवारी सकाळी फ्रीजमध्ये रडत पडलेला सापडला. सगळी पिशवी फुगलेली, चिकट, बाहेर तेलाचे मणी. ज्या निळ्या प्लास्टिकमध्ये पाणी वर्षानुवर्षं सुखानं राहिलं होतं, ते प्लास्टिक या तेलानं एका दिवसात हळवं केलं होतं. ही चूक हातवाल्यांसारख्याच माणसाकडून व्हायची, ज्यानं आयुष्यभर आतल्या गारव्याचा विचार केला आणि पिशवीचा कधीच नाही. डोळ्यांसमोर आठची गाडी दिसायला लागली. त्यांनी भरणीच्या ताईंना फोन लावला.

“अहो, किराणा दुकानात तेल कशात मिळतं?” ताई म्हणाल्या.

“पिशवीत.”

“ती रडते का?”

ताईंनी खाद्यतेलाच्या पिशव्यांचं जाड, अनेक पदरी प्लास्टिक दुपारपर्यंत मिळवलं, उघड्या हातांनी सहा पॅक भरले, तोंडाला दुहेरी सील मारलं आणि स्वतः आणून दिले. आल्यावर आपली मनगटंही दाखवली. खाज नाही, लाली नाही. उलट जरा मऊ झाली होती.

रविवारी दुपारी हातवाल्यांनी दोन पदरी टॉवेल टाकून जुन्या गुडघ्यावर पॅक ठेवला, त्याखाली थर्मामीटरची नळी सरकवली, वही उघडली. सासूबाई उशीला टेकून घड्याळ हातात धरून बसल्या.

पहिल्या मिनिटाला, “हूं.”

वहीत नोंद झाली. पाच मिनिटांनी टॉवेल उचलून बघितला. कातडी गुलाबी. पुन्हा झाकला. तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पाणी गळतंय म्हणून सांगायला आले होते, आणि हातवाले त्यांच्याबरोबर पाइप बघायला गेले. पाइप कुठून गळतोय ते सापडेना. एक नट घट्ट केला तर दुसरीकडून पाणी. परत वर आले तेव्हा हात पुसता पुसता त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पन्नास मिनिटं झाली होती.

घरात आवाज नव्हता. सासूबाई असलेल्या घरात आवाज नाही, ही गोष्टच भयंकर होती. हातवाले पलंगापाशी धावले. सासूबाईंची मान एका बाजूला कललेली, तोंड थोडं उघडं, हातातलं घड्याळ पांघरुणावर पडलेलं.

“अगं ये!” त्यांनी बायकोला हाक मारली. “अगं आई बोलत नाहीयेत!”

बायको लाटणं घेऊनच आली. हातवाल्यांनी पॅक उचलला, टॉवेलची एक घडी काढली, दुसरी काढली. गुडघा होता तसा होता. गोल, सुरकुतलेला आणि गुलाबी. त्यांनी अंगठ्यानं दाबलं. पांढरा ठसा उमटला आणि लगेच भरून आला. थर्मामीटरवर चौदा. पॅकच्या कडेला अजून थोडं गोठलेलं तेल शिल्लक होतं.

सासूबाईंनी एक डोळा उघडला.

“कोण मेलं गुडघा चाचपतंय?”

“आई, मी. तुम्ही... तुम्ही ठीक आहात?”

“झोपले होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा डोळा लागला होता.” त्यांनी पॅककडं बघितलं. “ते कुठं घेऊन चाललात? ठेवा परत. आणि या गुडघ्यावर नको, आता नव्यावर ठेवा.”

“आई, पंधराच मिनिटं सांगितलीत. पन्नास झाली, नशिबानं काही झालं नाही. नव्यावर उद्या, फिजिओ बाईंना विचारून.”

“मग उठवलंत कशाला?” सासूबाई म्हणाल्या आणि कूस बदलली. तक्रार होतीच. पण तिचा सूर हातवाल्यांच्या वहीतल्या कुठल्याच अंशाला बसत नव्हता.

सोमवारी साडेसातला हातवाले कारखान्यात पोचले. गाडी दारात लागली होती. चारशे हिरवे पॅक खोक्यांत. ड्रायव्हर पायरीवर चहा पीत होता. रजिस्टर टेबलावर उघडं, सहीच्या जागेवर पेन आडवं ठेवलेलं.

केबिनमध्ये त्यांनी नवा पॅक मालकांच्या हातात दिला. मालकांनी तो दाबला, उलटा केला, दोन बोटांनी टिचकी मारली.

“हा गार कुठं आहे?”

“चौदा अंश आहे, मालक.”

“हातवाले, ग्राहकाला गार म्हणजे बर्फ लागतो. हा हातात घेतला तर वाटतं, सावलीत ठेवला होता. आणि वजनाला जास्त. आणि तेल पाण्याहून महाग. ते हिरवं भरलेलं तयार आहे, गाडी उभी आहे. सही करा.”

“मालक, माझा हात गेलाय. त्याला बाटली आणि बर्फ कळत नाही. ताईंनी बघितलंय, सगळ्यांनी बघितलंय. त्याच्या शब्दावर सही कशी करू?”

“मग कुणाच्या शब्दावर करणार? सासूबाईंच्या?”

“तुमच्या,” हातवाले म्हणाले.

“म्हणजे?”

“पद्धत तुमचीच आहे. एकपदरी कापड, वीस मिनिटं, घड्याळ भिंतीवर. हिरवा पॅक तुमच्या हातावर ठेवू. तुम्ही बरं गार म्हणालात तर मी डोळे मिटून सही करतो.”

शिलाई मशिनं थांबली. भरणीच्या ताई हातमोजे काढत काचेपाशी येऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरसुद्धा कप घेऊन दारात आला. सव्वीस माणसांसमोर मालकांना नाही म्हणणं शक्य नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बाही वर केली. गोरापान, मऊ, आजवर कशालाही न टेकलेला हात.

“ठेवा. एवढं काय आहे त्यात?”

पहिल्या मिनिटाला मालक हसत होते. दुसऱ्या मिनिटाला हसू होतं, पण ते नुसतं दातांवर होतं. तिसऱ्याला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “घड्याळ बरोबर चालतंय ना हे?”

“बरोबर आहे,” ताई म्हणाल्या.

“टोचतंय जरा.”

“सुरुवातीला टोचतं,” हातवाले म्हणाले. मग त्यांना ते आठवलं आणि खाली वाकून म्हणाले, “मालक, काढायचा का? काढा म्हणालात की काढतो. नियम नाही सांगणार.”

मालकांनी ओठ घट्ट मिटले. कपाळावर घाम आला. खाली हात गारठलेला आणि वर कपाळ घामेजलेलं, असा माणूस कारखान्यानं पहिल्यांदाच बघितला. घड्याळाचा काटा पाचव्या मिनिटाकडं सरकत होता तेव्हा केबिनमधून जो आवाज आला तो पत्र्यापर्यंत गेला.

“काढा! काढा म्हणतो ना! अहो काढा!”

पॅक निघाला. कातडीवर तळहाताएवढा पांढरा डाग. मालक त्याच्याकडं बघत राहिले. अंगठ्यानं दाबून बघितलं, रंग परत यायला वेळ लागत होता. ताईंनी कोमट पाण्याचं भांडं आणलं. “घासू नका,” त्या म्हणाल्या, “नुसता बुडवा.” मालकांनी हात बुडवला. मग भांड्याकडंच बघत विचारलं, “हॉस्पिटलातल्या माणसांचा पाय बधिर असतो म्हणालात ना?”

“पहिला दिवसभर.”

“म्हणजे ते ओरडणार नाहीत.”

“नाही.”

मालकांनी ड्रायव्हरला खूण केली. खोकी परत उतरायला लागली. “ते तेल किती दिवसांत मिळेल?” त्यांनी ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, दुकानदाराकडं पाच पिंपं आहेत, पिशव्यांचं प्लास्टिकही सांगून ठेवलंय, शनिवारपर्यंत चारशे भरून देईन, हिरव्याची पिंपं मात्र गटारात नाही, घातक माल उचलणाऱ्यांनाच द्यायची. मालकांनी मान हलवली आणि हॉस्पिटलला फोन लावला. शब्द मोडताना माणूस जितका हळू बोलतो तितकं हळू बोलले.

हातवाल्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. चारशेच्या खेपेपुढं शेरा लिहिला, ‘फार गार’. या वेळी ताप नव्हता. मग थांबले, कारण पुढच्या रकान्यात तपासणाऱ्याचं अंग लिहावं लागे, आणि बावीस वर्षं तिथं एकच गोष्ट लिहिली होती. त्यांनी लिहिलं: ‘मालक, डावा हात, चार मिनिटं. खेप नापास.’ खाली सही करून रजिस्टर मालकांपुढं सरकवलं.

मालकांनी ओला हात टॉवेलमध्ये गुंडाळला, चष्मा चढवला आणि ओळ वाचली. मग सगळ्या कारखान्याकडं एकदा बघून पेन उचलून हातवाल्यांपुढं धरलं.

“चार कुठून आली?” ते म्हणाले. “मी घड्याळ बघत होतो. साडेचार लिहा.”